कळवतो

उल्काचा फोन मी रोज चार्ज करतो. तिला जाऊन आता वर्ष होत आलं. आमची मुलगी शर्वरी टोरांटोहून दर शुक्रवारी फोन करते आणि प्रत्येक वेळी तेच सांगते, "बाबा, आईचा फोन बंद करा. इट्स नॉट गुड फॉर यू." मी हो म्हणतो आणि बंद करत नाही. त्या फोनवर अजून एक माणूस येतो. तो कधी चुकत नाही, आणि मला तो माणूस अजिबात आवडत नाही.

त्याचं नाव परीक्षित गद्रे. मूळचा आमच्या नाशिकचा. तरुणपणी अमेरिकेत गेला आणि आता तिथल्या काँग्रेसमध्ये निवडून आलेला आहे. आपल्याकडे खासदार असतो तसंच ते पद. एका मोठ्या शहराचा मधला भाग हा त्याचा मतदारसंघ. बंद पडलेल्या गिरण्या, नदीवरचे पूल, भाडेकरूंनी भरलेल्या उंच इमारती आणि त्या पाडून नव्या बांधणारे बिल्डर. मी तिथे कधी गेलेलो नाही, हे सगळं ईमेलमधून वाचलेलं आहे. सभागृहात मतदान झालं की त्याच्या ऑफिसातून ईमेल निघतो. या विधेयकाला साहेबांनी होकार दिला, त्याला नकार दिला, आणि का दिला ते दोन ओळींत. त्यांची संध्याकाळ म्हणजे आमची पहाट. मी कंपनीच्या बससाठी बूट चढवत असतो तेव्हा ओट्यावर ठेवलेला उल्काचा फोन एकदा वाजतो.

मी इथे कुवेतमध्ये मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटचं काम बघतो. प्रेशर आणि तापमान दाखवणारे गेज खरं दाखवतात की नाही, ते तपासायचं. आयुष्यभर हेच केलं. मला लिहायची सवय नाही. पण ही गोष्ट तोंडाने सांगायला घेतली की लोक मध्येच धीर द्यायला लागतात, म्हणून लिहून काढतो आहे.

परीक्षित गद्रे उल्काला बघायला आला होता. माझ्या आधी.

आमचं लग्न ठरलं तेव्हा तिने मला सांगितलं होतं की आधी एक अमेरिकेचं स्थळ येऊन गेलं. मी विचारलं, मग? ती म्हणाली, मग काही नाही, तुम्ही आलात. तेवढं उत्तर मला पुरलं. नाव मी विचारलं नाही. तो कुठेतरी लांब होता आणि उल्का माझ्या घरात येणार होती, त्याचा हेवा मी कशाला करू?

पुढे बऱ्याच वर्षांनी तो निवडून आला. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला, खाली "नाशिकचा सुपुत्र" वगैरे. उल्का कोथिंबीर निवडत होती. फोटो बघून म्हणाली, "अहो, हा मला बघायला आला होता." रस्त्यात ओळखीचं दुकान दिसल्यावर बोलावं तशी. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या ईमेलच्या यादीत आपलं नाव घातलं.

ती खैतानमधल्या एका भारतीय शाळेत समाजशास्त्र शिकवायची. तिला शाळा जवळ पडावी म्हणून आम्ही खैतानला राहायचो आणि मी बसने लांब जायचो. ईमेल कशाला, असं विचारलं तर म्हणाली, मुलांना शिकवायला बरं पडतं, दुसऱ्या देशात मतदान कसं होतं ते. मी विश्वास ठेवला. माझं नावच विश्वास आहे, आणि त्यावरून तिने आयुष्यभर विनोद केले.

पण मुलांना शिकवण्यासाठी वाचणारी बाई एकटीच हसत नाही. उल्का हसायची. रोज नाही, अधूनमधून. मोठ्याने नाही, नाकातून हवा सोडल्यासारखं. मी विचारायचो, काय झालं? ती म्हणायची, "काही नाही. तुम्हांला नाही कळायचं." मग चहा संपवून खालच्या मजल्यावर झुलेखाकडे डोकावायची आणि तशीच पुढे शाळेत जायची. झुलेखा आणि तिचा नवरा तौफीक रत्नागिरीकडचे. आमच्याच इमारतीखाली तौफीक बकाला चालवतो, इथे किराणा दुकानाला बकाला म्हणतात.

त्या सुमारास सकाळचा चहा मी करायला लागलो. फोन वाजतो तेव्हा आपण ओट्याशी असावं, एवढाच हेतू. चहा गाळता गाळता मी तिरक्या नजरेने स्क्रीन बघायचो. त्याच्या डोक्यावर केस होते. माझ्या नव्हते. तो व्हिडिओत बाह्या सरसावून भाडेकरूंशी बोलायचा. माझ्या बाह्यांवर ग्रीसचे डाग असायचे आणि त्या मी घरी आलो की लगेच धुवायला टाकायचो. एकदा मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, तिकडे गेली असतीस तर काय झालं असतं? ती म्हणाली, "तिकडे थंडी फार." हे काही उत्तर नाही. त्यावर मी कितीतरी दिवस विचार केला.

मग ती आजारी पडली. शेवटच्या आठवड्यांत तिला फोन धरवत नव्हता. हॉस्पिटलात मी ड्युटीनंतर जायचो. ती डोळे मिटून म्हणायची, आजचं आलं का, वाचा. आणि मी वाचायचो. पुलांच्या दुरुस्तीला होकार. बसच्या अनुदानाला होकार. अमक्याला नकार. ती शांत पडून ऐकायची. एका संध्याकाळी मी काहीतरी वाचलं आणि ती हसली. तिचं ते नाकातलं हसू. इतके दिवस तिच्या चेहऱ्यावर दुखण्याशिवाय काही दिसलं नव्हतं. मी तिला नर्सच्या गमतीजमती सांगितल्या, शर्वरीचे लहानपणीचे किस्से काढले, कशानेही ती हसली नव्हती. आणि या माणसाच्या नावाने हसली. हसवलं त्याने, वाचून दाखवलं मी. हे माझ्या मनातून आजही जात नाही.

तिला मी नाशिकला नेलं. तिथलं सगळं उरकून परत आलो. नोकरीची थोडी वर्षं बाकी आहेत.

परत आल्यावर पहिल्याच सकाळी तिचा फोन वाजला. मी बूट हातात घेऊन उभा राहिलो. त्या दिवसापासून मी तो माणूस अभ्यासाला घेतला. इंटरनेटवर त्याचं पहिल्या दिवसापासूनचं मतदान सापडतं. निवडणुकीला कुणी पैसे दिले तेही सापडतं, तिकडे ते उघड ठेवावं लागतं. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचायला लागलो. बिघडलेला गेज शोधायची सवय असल्यामुळे मला ते जड गेलं नाही. त्याला पैसे देणाऱ्यांत सगळ्यांत वर बिल्डर होते. त्याच्या मतदारसंघात बहुतेक लोक भाड्याने राहणारे. भाडं एका मर्यादेपलीकडे वाढवू नये असं एक विधेयक आलं, तेव्हा त्याने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांच्या सभागृहात मत द्यायला तीन बटणं असतात. होकार, नकार आणि तिसरं 'प्रेझेंट'. म्हणजे हजर. मी इथे बसलेलो आहे, पण माझं मत मी सांगत नाही. तिथले बाकीचे लोक हे बटण क्वचित दाबतात. परीक्षित गद्रे वरचेवर दाबायचा. बिल्डर एका बाजूला आणि भाडेकरू दुसऱ्या बाजूला उभे राहिले, की साहेब हजर.

मला फार बरं वाटलं. असा माणूस, आणि उल्का याच्यासाठी हसत होती.

मंडळातल्या लोकांना वाटलं मी त्याचा चाहता आहे. गप्पांत त्याचं नाव निघालं की मी त्याची मतं तारखेनिशी सांगायचो. लोक कौतुकाने ऐकायचे. आमचे सेक्रेटरी सलील एकदा म्हणाले, विश्वासराव, तुम्हांला तर त्याच्या ऑफिसात नोकरी मिळेल.

या सलीलचाच फोन आला. परीक्षित गद्रे कुवेतला येतोय. अमेरिकन सैनिकांना भेटायला त्यांच्या खासदारांची एक तुकडी येणार होती, त्यात तो होता. शुक्रवारी दुपारी त्याचा एक तास मोकळा होता, तो मंडळाला मिळाला होता. एका हॉटेलचा हॉल घेतला होता. शाल, श्रीफळ, चहा. सलीलचं म्हणणं होतं की पाहुण्यांची ओळख मी करून द्यावी, कारण एवढी माहिती कुणालाच नाही. मी हो म्हटलं. मला त्याला जवळून बघायचं होतं. उल्का त्याला आठवते का, हे विचारायचं होतं. नक्की कुठलं उत्तर मला हवं होतं ते मला ठाऊक नव्हतं. आठवते म्हणाला असता तरी मी जळलो असतो.

मग सलील आवाज खाली आणून म्हणाले, "अजून एक आहे. त्यांची निवडणूक आलीय. आपण वर्गणी काढतोय. गणपतीला काढतो तशीच. डॉलर करून पाकिटात घालून शालीबरोबर द्यायचे. आपला माणूस आहे, फूल ना फुलाची पाकळी."

त्याच्या प्रत्येक ईमेलखाली मदतीचं बटण असतं. कोण पैसे देतं ते शोधताना मी ते एकदा दाबून पाहिलं होतं. पहिलाच प्रश्न येतो, तुम्ही अमेरिकेचे नागरिक किंवा तिथले कायमचे रहिवासी आहात का? नसाल तर तुमचा पैसा कायद्याने घेता येत नाही. देणाराही गुन्हेगार, घेणाराही. मागच्या वेळी तो थोडक्या मतांनी आला होता. कुवेतमध्ये परक्या लोकांच्या हातून डॉलरचं पाकीट घेतानाचा फोटो निघाला, तर समोरचा उमेदवार तो फोटो घरोघरी वाटेल. आणि आमच्या मंडळात फोटो निघणार नाही, असं कधी झालेलं नाही.

हे सगळं मला सलील बोलत असतानाच कळलं. मी म्हटलं, "कल्पना चांगली आहे." माझी वर्गणीही दिली.

सलीलचं काय होईल हा विचार मनात आला नव्हता असं नाही. इथे तर परवानगीशिवाय असे पैसे गोळा करणंच चालत नाही. विचार आला आणि मी तो बाजूला ठेवला.

शुक्रवारी झुलेखा म्हणाली मलाही यायचंय. तौफीकला दुकान सोडता येत नव्हतं, म्हणून ती आणि तिची मुलगी माहीन माझ्या गाडीतून आल्या. माहीन पुढे बसली, कानात इअरफोन घालून. झुलेखा मागे. गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर ती मागून म्हणाली, "चला भाऊजी, आज बघायला तरी मिळंल मला तो कळवतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कोण, म्हणून विचारलं.

"कळवतो. तुमचा तो खासदार." मग ती थांबली. आरशात मला तिचा चेहरा दिसला. "उल्काने सांगितलं नव्हतं तुम्हांला?"

मग तिने सांगितलं. परीक्षित गद्रे नाशिकला उल्काच्या घरी आला, तेव्हा त्याने पोहे दोनदा मागून घेतले. गाडी चालवता येते का, एवढा एकच प्रश्न उल्काला विचारला. निघताना दारात बूट घालत तिच्या वडिलांना म्हणाला, "कळवतो." आणि गेला. आपल्याकडे मुलगा कळवतो म्हणाला की त्याचा अर्थ नाही, हे लहान पोरालाही माहीत असतं. पण माझे सासरे सरळ माणूस. मुलाने पोहे दोनदा घेतलेत म्हणजे कळवणारच, असं त्यांनी धरून ठेवलं. वर्षभर रोज पोस्टमनची वाट पाहिली. मधे आलेली दोन स्थळं त्यांनी परत पाठवली. उल्काला तो मुलगा हवा होता म्हणून नव्हे, तर आपले वडील रोज दाराशी जाऊन बसतात याचा तिला संताप यायचा. नाही म्हणायला काय जातं माणसाचं, असं ती झुलेखाला म्हणायची.

"आणि मग ते मेल यायला लागले," झुलेखा म्हणाली. "हो बी नाय, नाय बी नाय, ते तिसरं काय ते दाबलं त्यानं, की त्या दिवशी उल्का खाली येऊन दारातूनच सांगायची, झुलेखा, आज पुन्हा कळवतो. आम्ही दोघी हसहसून मरायचो. मला बरेच दिवस तो आपल्याकडच्या काँग्रेसचा वाटत होता. ती म्हणाली, अगो नाही, ही दुसरी."

मी गाडी चालवत राहिलो. हॉस्पिटलातल्या त्या संध्याकाळी मी काय वाचलं होतं ते मला तेव्हा आठवलं. शाळांच्या जेवणाचं विधेयक होतं. आणि पुढे, प्रेझेंट.

मला हायसं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं उगाच जळलो हे कळल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. मला तसं झालं नाही. मी झुलेखाला विचारलं, हे तिने तुला सांगितलं आणि मला का नाही?

ती जरा चाचरली. मग म्हणाली, "रागावू नका. ती म्हणायची, ह्यांना सांगितलं तर गंमत जाईल. जळू देत जरा. जळतात म्हणून तर सकाळचा चहा स्वतः करतात."

आता मला झुलेखाचा हेवा वाटत होता. माझ्या बायकोचं ते हसू सहा वर्षं जिना उतरून हिच्या दारात जात होतं, आणि मी वर कप विसळत होतो. आणि त्या माणसाचा राग तर वाढलाच. आता तो माझ्या सासऱ्यांच्या वतीनेही होता. पाकिटाचा बेत मी सोडला नाही. उलट पक्का केला.

हॉल भरला होता. परीक्षित गद्रे वेळेवर आला. व्हिडिओत दिसायचा त्यापेक्षा बुटका होता, पण केस खरे होते. मराठी चांगलं बोलत होता. मी ओळख करून दिली. पूल, बस, शाळा, सगळं सांगितलं. तिसऱ्या बटणाचं सांगितलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने पाच-सात मिनिटं भाषण केलं, नाशिकच्या द्राक्षांबद्दल आणि आईच्या हातच्या पोळ्यांबद्दल. मग सलील शालीचं तबक आणायला गेले आणि व्यासपीठावर आम्ही दोघे शेजारी शेजारी बसून राहिलो. समोरच्या टेबलावरचा माइक चालू होता. हे माझ्या लक्षात आलं नाही, आणि त्याच्याही.

तो म्हणाला, तुम्ही माझं मतदान माझ्यापेक्षा जास्त जाणता. मी म्हटलं, माझी बायको वाचायची. मग मी विचारलं. नाशिकला कॉलेज रोडच्या मागे, शिक्षकांच्या घरी, तुम्ही मुलगी बघायला आला होता. उल्का नाव. पोहे दोनदा घेतले होते.

त्याने खरंच आठवून पाहिलं. मला ते दिसलं. कपाळाला आठ्या घालून, वर बघून. पण काही सापडलं नाही.

"त्या सुट्टीत आईने मला खूप घरी नेलं होतं," तो म्हणाला. "सगळीकडे पोहेच होते. आय अ‍ॅम सॉरी. त्या आल्या आहेत का?"

"गेली," मी म्हटलं. "मागच्या वर्षी."

त्याने माझ्या हातावर हात ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. इतका वेळ मी त्याला उल्का आठवेल म्हणून घाबरत होतो. आणि आठवत नाही म्हटल्यावर मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. उल्का विसरण्यासारखी होती का? वर्षभर माझे सासरे दाराशी बसले ते याच्यासाठी.

त्याला माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे. घाईघाईने म्हणाला, "माझ्या आईला सगळं लक्षात असतं. मी तिला विचारतो आणि कळवतो."

माइकवरून ते सगळ्या हॉलने ऐकलं.

तिसऱ्या रांगेत झुलेखा बसली होती. तिने ओढणीचा बोळा तोंडाला लावला, पण उपयोग झाला नाही. ती फुटलीच. माहीन इअरफोन काढून आईकडे बघत राहिली. आणि मग मलाही आलं. मोठ्याने नाही, नाकातून. मी ते थांबवू शकलो नाही. वर्षभरात मी पहिल्यांदा हसलो, तेही व्यासपीठावर, पाहुण्याच्या तोंडावर. तोही बिचारा हसला. राजकारणी माणूस, लोक हसले की हसायचं एवढं त्याला माहीत होतं.

तेवढ्यात सलील तबक घेऊन आले. शाल, नारळ आणि शालीच्या घडीत खोचलेलं पाकीट, वरचा कोपरा दिसत होता. फोटो काढणारे सगळे पुढे सरकले.

मी त्या पाकिटाकडे बघितलं आणि मला पुढची गोष्ट दिसली. फोटो निघेल. तो निवडणुकीत पडेल. मग सभागृहात मतदान होईल, पण त्यात तो नसेल. पहाटे मी बूट घालत असेन आणि ओट्यावरचा फोन वाजणार नाही. उद्या नाही, परवा नाही. शर्वरीने सांगायचीही गरज उरणार नाही. तो फोन आपोआप बंद झाल्यासारखा होईल.

मी उठलो, तबकातून पाकीट उचललं आणि कोटाच्या आतल्या खिशात घातलं.

"हे माझं आहे," मी सलीलना म्हटलं. "चुकून यात आलं."

शंभर माणसांपुढे त्यांना काही बोलता येईना. त्यांनी पाहुण्यांना शाल पांघरली, नारळ दिला, फोटो निघाले. परीक्षित गद्रे हात जोडून उभा होता, अंगावर शाल, हातात नारळ. हा फोटो त्याच्या पुढच्या ईमेलमध्येही आला.

तो गेल्यावर सलीलनी मला बाजूला घेतलं. ते संतापले होते. लोकांना काय वाटेल, विश्वासराव, सगळ्यांनी बघितलं, तुम्ही वर्गणीचं पाकीट खिशात घातलंत. मी पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं आणि कायदा काय आहे तो सांगितला. त्यांचा चेहरा उतरला.

मग म्हणाले, "तुम्हांला हे आधीपासून माहीत होतं?"

"होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तेव्हा मला तो पडायला हवा होता."

"आणि आता?"

"आता नको."

सलील माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. त्यांचं बरोबर आहे. पैसे त्यांनी ज्याचे त्याला परत केले. माझेही आले.

गाडीत परत येताना मी झुलेखाला म्हटलं, उल्का अजून काय काय म्हणायची ते मला सांग. ती म्हणाली, सगळं एकदम कसं आठवंल, भाऊजी? आठवंल तसं सांगीन. मला ते पुरेसं वाटलं नाही, पण दुसरा इलाज नव्हता. उल्काचं हसू आता तिच्याकडेच होतं. मागायला तिच्याच दारात जायला लागणार होतं.

दोन आठवडे परीक्षित गद्रेने सगळीकडे होकार-नकार दिले. मी रोज बघत होतो. मग एका सकाळी चहाला आधण ठेवलं आणि फोन वाजला. शहरांतल्या जुन्या इमारती पाडण्याबद्दलचं काहीतरी विधेयक होतं. बिल्डर एका बाजूला, भाडेकरू दुसऱ्या बाजूला. मी नजर खाली नेली. प्रेझेंट.

मी गॅस बंद केला. एका पायात बूट, एका पायात चप्पल अशा अवस्थेत जिना उतरलो आणि झुलेखाची बेल वाजवली. तिने दार उघडलं, हाताला कणीक लागलेली.

"झुलेखा," मी म्हटलं, "आज पुन्हा कळवतो."

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ती दाराच्या चौकटीला टेकून हसायला लागली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्याही. आम्ही दोघे दारात उभे राहून हसत होतो तेव्हा आतून तौफीक आला. दुकान उघडायला निघाला होता, हातात किल्ल्या. त्याने आधी माझ्या पायाकडे बघितलं, मग बायकोकडे.

"काय झालं?" त्याने विचारलं.

झुलेखा ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "काही नाही. तुम्हांला नाही कळायचं."

आणि ती पोळी करपेल म्हणून आत पळाली.

तौफीक किल्ल्या हातात धरून उभा राहिला. त्याचा चेहरा मी नीट बघितला. तो चेहरा मी चांगला ओळखतो. सहा वर्षं रोज सकाळी ओट्याशी मी तोच चेहरा घेऊन उभा होतो. माझी बस पाच मिनिटांत कोपऱ्यावर येणार होती. तिला जाऊ दिलं.

"तौफीक," मी म्हटलं, "बस जरा इथे पायरीवर. सांगतो."